बागेचा जमाखर्च

गोंदियाच्या बाजारपेठेतील जुन्या पेढ्यांच्या कपाटात पुष्कळदा दोन तऱ्हेचे कागद शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एक कागद रामनगर किंवा सिव्हिल लाइन्समधील राहत्या घराचा. त्याला नगरपरिषदेच्या कराच्या पावत्या जोडलेल्या. दुसरा कागद कुडवा, फुलचूर, कटंगी अशा शहराला लागलेल्या गावांच्या शिवारात भागीदारीने घेतलेल्या धानाच्या बांध्यांचा. आज ना उद्या जमीन अकृषक होईल आणि प्लॉट पडतील, या हिशेबाने घेतलेला. पहिल्या कागदाचा मालक मोहल्ल्याच्या बैठकीत म्हणतो, नवी वस्ती आली, बागेत पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा वाढीव खर्च नव्यांनीच उचलावा. दुसऱ्या कागदाचा मालक नगररचना कार्यालयाच्या पायरीवर म्हणतो, बाग मुळातच अपुरी होती, जुन्यांची उणीव आमच्या लेआउटच्या माथी कशाला? हे दोन्ही मालक कित्येकदा एकच गृहस्थ असतात, आणि दोन्ही ठिकाणी त्यांचा आवाज सारखाच चढलेला असतो.

बागेच्या खर्चाचा वाद सुटत नाही तो यामुळे. त्यात कोण खोटे बोलतो असे नाही. प्रत्येक जण आपल्या सोयीचे एकच पान उघडून दाखवतो, एवढेच. बागेची वही मात्र तीन खात्यांची असते: जमिनीचे खाते, बांधणीचे खाते आणि देखभालीचे खाते. तिन्हींचे देणेकरी वेगळे, मापही वेगळे. तीन खाती एकात मिसळली की नव्याकडून दुप्पट वसुली होते किंवा जुना दुसऱ्यांदा भरतो, आणि शेवटी बाग होतच नाही.

आधी तूट किती मोठी आहे ते पाहावे. २०११च्या जनगणनेत गोंदिया नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १ लाख ३२ हजार होती. नगर नियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे म्हटले आहे. खालचा आकडा धरला तरी १३ लाख २० हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२५ एकर जागा हवी. सुभाष गार्डनमध्ये रविवारी संध्याकाळी जाऊन आलेल्या कोणालाही ही बेरीज ऐकून हसू येईल. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला, कार्यालये आली, वस्ती हद्दीबाहेर पसरली. पण आजची तूट त्यानंतर आलेल्यांनीच निर्माण केली असे म्हणता येणार नाही. ती त्याआधीपासून साचत आली आहे.

कायद्यानेही बागेला फारसे वरचे स्थान दिलेले नाही. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ मध्ये दिवाबत्ती, सफाई, नाल्या ही नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. सार्वजनिक उद्याने ऐच्छिक कर्तव्यांच्या यादीत येतात. पुढे ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बगीचे, क्रीडांगणे यांचा उल्लेख आला, तरी पैसा अपुरा पडला की कात्री ऐच्छिकालाच लागते. विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षण पडले, म्हणजे बाग झाली असेही नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. मोहल्ला खर्चाच्या वाटपावर भांडत बसतो आणि ज्या जागेसाठी भांडण, तीच हातची जाते.

आता जमिनीचे खाते. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट पाडताना १० टक्के जागा खुली सोडावी लागते. ही जागा विकासक सोडतो, असे बोलण्याची रीत आहे. प्रत्यक्षात ती कोण सोडतो, हे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावे. समजा, ४ एकरांचा लेआउट आहे. एकूण १,७४,२४० चौरस फूट. त्यात रस्ते आणि इतर बाबींना ३० टक्के गेले, खुल्या जागेला १० टक्के, म्हणजे १७,४२४ चौरस फूट. विकायला उरले ६० टक्के, १,०४,५४४ चौरस फूट. संपूर्ण ४ एकरांची खरेदी या विक्रीयोग्य जागेतूनच वसूल व्हायची असते. खुली जागा विकलेल्या जागेच्या बरोबर एक षष्ठांश भरते. म्हणून १,५०० चौरस फुटांचा प्लॉट घेणाऱ्याने किमतीत २५० चौरस फूट बागेच्या जमिनीचेही पैसे मोजलेले असतात. विक्रीखतात ते लिहिलेले नसते, इतकेच.

यातून दोन गोष्टी निघतात. जुन्या लेआउटमधील रहिवाशाने आपल्या बागेच्या जमिनीचा खर्च खरेदीच्या दिवशीच भरला आहे. त्याच्याकडून जमिनीपोटी पुन्हा काही मागणे अन्याय्य. आणि नव्या लेआउटमधील खरेदीदारानेही आपल्या वाट्याची जमीन विकत घेतली आहे. ती बाग म्हणून त्याला मिळाली, तर जुन्या मोहल्ल्याच्या जमिनीपोटी त्यानेही काही देणे लागत नाही.

खरी गळती मधल्या फटीत आहे. ४,००० चौरस मीटर म्हणजे एकराला जरा कमी. त्याखालच्या जमिनीला हा नियम लागू नाही. गावठाणाजवळची मोठी जमीन आधी वाटणीपत्राने तुकड्यांत विभागायची, प्रत्येक तुकडा पाऊण-पाऊण एकराचा ठेवायचा आणि प्रत्येकाची परवानगी वेगळी घ्यायची, ही युक्ती बाजारात कोणाला ठाऊक नाही? कागदोपत्री प्रत्येक तुकडा निर्दोष असतो. सगळे मिळून तेथे शंभर घरे उभी राहतात आणि बागेसाठी एक फूट जागा नसते. तसेच जुन्या बंगल्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीचे. ८,००० चौरस फुटांवर एका कुटुंबाऐवजी सोळा कुटुंबे येतात. त्यांची मुले कोठे खेळणार, याचा प्रश्न परवानगीच्या वेळी उद्भवतच नाही. ही सोळा कुटुंबे शेजारच्या बागेत येणार, आणि त्यांना फाटकावर अडवणे हे कोणत्याही सभ्य वस्तीला शोभणार नाही. पण त्यांच्या वाट्याची जमीन कोणी तरी द्यायला हवी होती, ती दिली गेली नाही. ते देणे त्या कुटुंबांकडे जात नाही, विकासकाकडे जाते. नियमाला ते देणे दिसत नाही, व्यवहाराला दिसते.

बांधणीच्या खात्यात कुंपण, कूपनलिका, पायवाट, बाके, झोपाळे आणि पहिली लागवड येते. हा एकदाचा खर्च. येथे जुन्या-नव्याचा वाद सर्वांत कडवा होतो, आणि येथेच व्यापारी कुटुंबांजवळ तयार उत्तर आहे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ३१ मध्ये सांगितले आहे की, नवा भागीदार पेढीत आला म्हणून त्याच्या येण्यापूर्वी पेढीने केलेल्या गोष्टींची देणी त्याच्या अंगावर येत नाहीत. दुसऱ्या बाजूने, नव्या भागीदाराने पेढीतील मालमत्तेत हिस्सा हवा असेल तर भांडवल आणायचे असते. ते आणले नाही तर जुन्या भागीदारांचा हिस्सा फुकट वाटला जातो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या भागीदारीची पत्रे लिहिली गेली, त्यांना बागेच्या खर्चाचा न्याय वेगळा शिकवावा लागू नये.

आकड्यांत मांडून पाहू. समजा, १२० कुटुंबांनी दहा वर्षांपूर्वी ६ लाख रुपये खर्चून बाग बांधली, आणि त्या बांधकामाचे आयुष्य वीस वर्षे धरले. आज त्याची शिल्लक किंमत ३ लाख. शेजारी ८० सदनिका आल्या. कुटुंबे झाली २००. तीन लाखांचा वाटा दर कुटुंबाला १,५०० रुपये. नव्या ८० कुटुंबांनी मिळून १ लाख २० हजार द्यावेत आणि ते जुन्यांच्या खिशात न जाता बागेच्या राखीव निधीत जमा व्हावेत. मूळ ६ लाखांवर हिशेब करून ३,००० रुपये मागणारा जुना रहिवासी झिजलेली वस्तू नव्याच्या भावाने विकतो आहे. आणि बाग तर आधीपासूनच आहे, आम्ही का द्यावे, असे म्हणणारा नवा रहिवासी भांडवलाशिवाय भागीदारी मागतो आहे.

आता गर्दी वाढल्यामुळे दुसरी कूपनलिका आणि आणखी झोपाळे हवे झाले, खर्च २ लाख. गरज नव्या वस्तीमुळेच उद्भवली असेल तर तो नव्यांचा. पण पहिली कूपनलिका चार उन्हाळ्यांपासून वैशाखात कोरडी पडत असेल, तर दुसरीची गरज आधीचीच होती. नव्यांनी तीत २०० पैकी ८० हिश्शांपुरताच वाटा उचलावा. कोणती गरज केव्हाची, हे सिद्ध करायला जुन्या बैठकांची टिपणे लागतात. ती बहुतेक वसाहतींत नसतात. पेढीच्या वहीत एक दिवसाची नोंद राहिली तर झोप न लागणारी माणसे वसाहतीच्या वहीबाबत इतकी उदार कशी होतात, हे कोडेच आहे.

जुन्या उणिवेचा भार नव्यावर टाकू नये, हे तत्त्व परदेशातील एका दुकानदाराच्या दाव्यात फार स्पष्ट झाले. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात टिगार्ड या शहरी फ्लॉरेन्स डोलन यांचे नळ व विजेच्या सामानाचे दुकान होते. ९,७०० चौरस फुटांचे दुकान १७,६०० चौरस फुटांचे करण्याची परवानगी त्यांनी मागितली. नगर प्रशासनाने अट घातली: नाल्याकाठची पूरक्षेत्रातली जमीन सार्वजनिक हरितपट्ट्यासाठी आणि तिला लागून पंधरा फुटांची पट्टी पायवाट-सायकलवाटेसाठी द्या. ही जागा त्यांच्या मालमत्तेच्या सुमारे दहा टक्के होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९४ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला. अट घालता येते. मात्र दुकान वाढल्याने जेवढा भार पडतो त्याच्या साधारण प्रमाणात मागणी आहे, हे दाखवण्याची जबाबदारी प्रशासनाची. आपल्याकडील दहा टक्क्यांचा नियम सरसकट असल्याने गोंदियाच्या दुकानदाराला हा निकाल कामी येणार नाही. परंतु मोहल्ल्याच्या समितीने नव्या इमारतीकडे रक्कम मागताना हिशेब लेखी मांडावा, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. बहुतेक नवे रहिवासी आकड्याला घाबरत नाहीत. आकडा कोठून आला हे कळले नाही की बिथरतात.

महाराष्ट्राच्या कायद्यातही वाटपाचे एक जुने सूत्र पडून आहे. मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा कायदा झाला, आणि त्या परंपरेतील नगररचना योजना १९६६ च्या अधिनियमात कायम राहिल्या. योजनेमुळे भूखंडांची जी मूल्यवाढ होते, तिच्या निम्म्याच्या आत योजनेचा खर्च बसत असेल, तर तो संपूर्ण खर्च भूखंडधारकांच्या अंशदानातून घ्यायचा; निम्म्याहून अधिक होत असेल तर निम्म्यापर्यंत भूखंडधारकांनी आणि वरचा नियोजन प्राधिकरणाने सोसायचा. रस्ता व बाग आल्यामुळे एखाद्या भूखंडाची किंमत १० लाखांवरून १६ लाख झाली, तर त्याच्याकडून ३ लाखांहून अधिक मागता येत नाही. येथे जुना कोण, नवा कोण, हा प्रश्नच नाही. ज्याच्या पदरात वाढ पडली, त्याने तिचा एक भाग परत द्यावा.

जुन्या-नव्याच्या भांडणात हे सर्रास विसरले जाते. बाग झाली की शेजारच्या जुन्या घरांचे भाव आधी चढतात. ‘बागेसमोर’ एवढा एक शब्द जाहिरातीत घालून प्लॉट विकणारा विकासकही त्याच बागेवर कमावतो. शहरातील जुने घर आणि शिवारातील बांध्या, दोन्ही कागद एकाच कपाटात असणाऱ्यांनी या वाढीची नोंद दोन्ही बाजूंना करायला हवी.

नवे बांधकाम करणारा काहीच भरत नाही, हा समजही बरोबर नाही. १९९२ साली याच अधिनियमात प्रकरण जोडून विकास शुल्काची तरतूद झाली. बांधकामाची परवानगी घेताना ते भरावे लागते. वाणिज्य वापराला निवासीपेक्षा अधिक. ही रक्कम नागरी सुविधा आणि क्षेत्राच्या सुधारणेसाठी वापरायची आहे. येथे व्यापाऱ्यांना आपल्या बिलावरील ‘धर्मादा’ आठवावा. गिऱ्हाइकाकडून धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम दुकानाचे उत्पन्न नव्हे, ती पहिल्यापासूनच धर्मकार्यासाठी बांधलेली असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात म्हटले. त्या निकालाने व्यापाऱ्यांचा आयकर वाचला. विकास शुल्काची रक्कमही कारणाला बांधलेली आहे. ती आपल्या प्रभागात कशावर खर्च झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. नव्या कुटुंबांकडे बागेची रक्कम मागण्यापूर्वी समितीने हा अर्ज करावा. त्यांनी सुविधांसाठी एकदा भरले असेल आणि ते पैसे भलतीकडे गेले असतील, तर जाब नव्या शेजाऱ्याला विचारून काय साधणार?

देखभालीचे खाते सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित. माळ्याचा पगार, वीज, पाणी, दुरुस्ती: महिन्याला २० हजार खर्च आणि २०० कुटुंबे असतील, तर दर घरी १०० रुपये. येथे जुना-नवा भेद करू नये; आजच्या सावलीचे पैसे आज बसणाऱ्याने द्यायचे. अडचण येते ती रिकाम्या प्लॉटांची. गुंतवणूक म्हणून घेतलेले, वर्षानुवर्षे गाजरगवत माजलेले प्लॉट गोंदियाच्या कडेला थोडे नाहीत. त्यांचे मालक म्हणतात, राहतच नाही तर बागेचे कशाला द्यायचे? माळी आणि पाणी यांचा वाटा त्यांनी राहायला येईपर्यंत न देणे समजू शकते. पण कुंपण, राखण आणि बांधणीचा हिस्सा त्यांनी खरेदीच्या वर्षीच द्यायला हवा. त्या कुंपणामुळेच बागेची जागा अतिक्रमणापासून वाचते, आणि जागा वाचते म्हणून त्यांच्या रिकाम्या प्लॉटाला भाव येतो.

हद्दीचा पेच त्याहून अवघड. कुडव्याचे कुटुंब घरपट्टी ग्रामपंचायतीकडे भरते आणि संध्याकाळी मुलांना शहरातील बागेत आणते. शहरवासीयांना हे खुपते. पण त्याच कुडव्यात लेआउट पाडून नफा घेतलेला पैसा शहरातच परतलेला असतो. कराच्या हद्दीने ही बाब सुटणार नाही. गावच्या लेआउटातील दहा टक्के जागेवर खरोखर बाग झाली, तर शहरातील बागेवरचा ताण आपोआप उतरेल.

ती झाली नाही तर काय होते, हे पाहायला नागपूर दूर नाही. तेथे गृहनिर्माण संस्थांनी शेतजमिनींवर मंजुरीविना लेआउट पाडले. ५७२ आणि १,९०० हे आकडे आज नागपूरकरांना लेआउटांच्या नावांसारखे पाठ आहेत. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने अशा विकासांना नियमित करण्याची वाट दिली, आणि प्लॉटधारकांना विकास शुल्क भरावे लागले. विकत घेताना नकाशात रस्ता आणि हिरवा चौकोन दाखवला होता. काही ठिकाणी तो चौकोनही प्लॉट म्हणून विकला गेला होता. त्यांनी एकदा विकणाऱ्याला पैसे दिले, मग शासनाला, आणि बाग दोन्ही वेळा मिळाली नाही.

खुल्या जागेवर बांधकाम करण्याच्या प्रयत्नांना न्यायालयांनी वेळोवेळी अडवले आहे. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय १९९१ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. रहिवाशांनीच तो लढा दिला होता. दिल्लीतील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की, लेआउटात उद्यानासाठी जागा राखली की मूळ मालक ती रहिवाशांच्या वतीने विश्वस्तासारखी धारण करतो. तरीही सातबाऱ्यावर पुष्कळदा मूळ मालकाचेच नाव राहते, आणि वीस वर्षांनी त्याच्या वारसांना ती जमीन आपलीच वाटू लागते. म्हणून जुन्या वसाहतीने वर्गणीची पावती फाडण्यापूर्वी खुल्या जागेचा उतारा काढून पाहावा. मंजूर नकाशाची प्रत आणि विकासकाचे हमीपत्रही सोबत ठेवावे.

नव्या लेआउटमध्ये पैसे गुंतवणाऱ्यांना एक काम आणखी आहे. दहा टक्के जागा नकाशावर कोणत्या कोपऱ्यात टाकली आहे, ते पाहणे. सरळ, उंच, रस्त्याकडेची जमीन विक्रीला आणि नाल्याकाठचा उरलेला तिरपा तुकडा बागेला, हा रिवाज सर्वत्र आहे. तेथे कुंपण घातले तरी श्रावणात गुडघाभर पाणी उभे राहते, मुले येत नाहीत, आणि मग बाग चालतच नाही असा निष्कर्ष निघतो. नकाशा मंजुरीला पाठवण्याआधी पावसाळ्यात त्या बांधीवर एकदा जाऊन यावे. पाणी कोठे साचते, हे शेजारच्या बांधीतला शेतकरी उभ्या उभ्या दाखवून देईल.